मुंबईची शिफारस

कौतिकचा नुसता आवाज ऐकला तरी सुधाकरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकोणीसशे अडतीस साल. दोघंही नागपूरहून डॉक्टरी शिकून आलेले, दोघंही आता आपल्या मुलखात, इतवारा पेठेतल्या चुडामण डॉक्टरांच्या हाताखाली. पण डॉक्टरांचा सगळा जीव दापोरा गावच्या त्या केळीवाल्याच्या पोरात, कौतिकात! कौतिकची रोग्यांच्या नोंदींची वही ते पानोपानी लाल करायचे, तासतासभर त्याच्याशी वाद घालायचे. सुधाकरच्या वहीवर "ठीक आहे" एवढंच. जळफळाट होणार नाही तर काय!

डॉक्टरांना एकच ध्यास होता: या मुलखात तोंडाचा कॅन्सर एवढा का? मुंबईच्या प्रयोगशाळेत त्याच कामाची एक जागा निघाली होती आणि डॉक्टर शिफारस एकाचीच करणार होते. ती मिळवून कौतिकचं नाक खाली करायचंच, असा सुधाकरनं चंग बांधला.

वर्षभरात आलेल्या एकूण एक रोगी बाईला त्यानं विचारलं, "तंबाखू खाता का?" सगळ्या "नाही बा" म्हणाल्या. त्यानं ऐटीत लिहून टाकलं, बायकांच्या कॅन्सरचा तंबाखूशी संबंध नाही.

कौतिकनं मात्र सुधाकरसमोरच त्यांतल्या सोजरबाईला विचारलं, "मावशी, दात कशानं घासते वं?"

"मिसरीनं. दिसातून चार डाव."

मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच की! पण तिला खाणं कोण म्हणतं? सुधाकरचे कान शरमेनं तापले. त्याची स्वतःची आई रोज मिसरी लावायची.

डॉक्टरांनी दोन्ही वह्या वाचल्या आणि शिफारशीचं पाकीट सुधाकरच्या हातात ठेवलं.

"मला? पण चुकलो तर मी!"

"हुशार आहेस. तिथले साहेब शिकवतील तुला."

"आणि कौतिक?"

"त्याला कसा सोडू? माझ्यामागं हे काम त्यालाच करायचंय."

किती सहज बोलले! सुधाकरनं पाकीट न पाहताच खिशात कोंबलं.

निघायच्या दिवशी कौतिक स्टेशनवर आला. सुधाकरची ट्रंक डब्यात चढवून म्हणाला, "खोटं नाही बोलत, सुधाकरभाऊ. तुमचं नाव ऐकलं अन् मला दोन दिवस जेवण गेलं नाही. लई हेवा वाटला."

सुधाकरनं खिशातलं पाकीट काढून त्याच्यापुढं धरलं. "घे. तू जा मुंबईला. मी इथं डॉक्टरांपाशी राहतो."

कौतिकला वाटलं, भाऊ चेष्टा करतात. तो खो खो हसला आणि गाडी हलेपर्यंत हसतच राहिला.