आतड्याला विसावा

मला राग पटकन येतो, आणि तो नेहमी भलत्याच माणसावर निघतो. गेले चार महिने तो बावर निघत होता.

बा म्हणजे माझे वडील, रावजी. पावसाळ्यात त्याच्या आतड्याला पीळ पडला, आतडं काळं पडलं. नाशिकच्या डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त कापून काढलं. घरी सोडताना ते मला म्हणाले, "उरलेलं आतडं हळूहळू जास्तीचं काम शिकतं. वर्ष-दोन वर्षं लागतात. पण अन्न पोटात गेलं तरच शिकतं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. जुलाब झाले तरी खाणं थांबवू नका."

बाला गावी, हरसूलला आईजवळ सोडून मी नाशिकला, इंदिरानगरला परतले. मी ब्लाउज शिवते. दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. रोज फोनवर विचारायचे, "खाल्लं का?" बा म्हणायचा, "खाल्लं की, पोटभर." गावच्या दवाखान्यात केलेलं वजन मात्र अठ्ठेचाळीस किलोवरून एकोणचाळीसवर आलं. "मग जातं कुठं?" मी ओरडायचे.

परवा न सांगता गेले. भर दुपारी चूल थंड होती. बा पडवीत पडला होता, उशाशी नुसत्या पाण्याचा तांब्या.

"सकाळपासून काय खाल्लं?" मी विचारलं. बाने आईकडे पाहिलं. आईच बोलली.

"काय नाय. खाल्लं की लगेच पळतो बाहेर. मंग मी दिसातून एकदाच दोन घास देते. बैलाचा खांदा सुजला तर आपण जू ठेवतो का? आतडं कापलेलं हाय, त्याला विसावा नको?"

"कोणी सांगितलं तुला विसावा द्यायला?"

"तूच. एसटीची घाई होती तुला. दारातूनच बोललीस, आतडं नाजूक झालंय, जप. मी जपलं."

खरं होतं. डॉक्टरांचं सगळं बोलणं मी तेवढ्यात उरकलं होतं. आणि तो खात नाही म्हणून आईही दिवसातून एकदाच जेवत होती.

डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "उद्याच आणा. तोवर पेज आणि मीठ-साखरेचं पाणी द्या. आतडं अजूनही शिकेल, पण अंगात ताकद किती उरलीय ते बघू."

मी पेज केली. बा हळू आवाजात म्हणाला, "तू आयला बोलशील म्हणून खोटं सांगत होतो. आता खातो. पण काय झालंच, तर तिला बोलू नको."

त्याने अर्धा वाडगा संपवला. पाच मिनिटांत भिंतीला धरून तो बाहेर गेला. आई दुसरा वाडगा भरून माझ्यापुढे उभी राहिली.

"आता आल्यावर देऊ का गं? सांग ना. तू सांगशील तसंच करते."

मला तोंड उघडायची भीती वाटली.