विटकरी

मंगलाने काचेची नळी चिमट्यात पकडून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं औषध उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि आजही विटकरीवर जाऊन थांबलं. नळी गॅलरीतून खाली भिरकावून द्यावी असं तिला वाटलं.

"लोटूभाऊ, इकडे या जरा."

धाकटा दीर दारात येऊन उभा राहिला आणि दार भरून गेलं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस काडीसारखा होता. कारखान्यात मागाच्या खडखडाटात त्याला नसलेली माणसं बोलताना ऐकू यायची, आणि एकदा त्यांचं ऐकून तो रेल्वेच्या रुळावर जाऊन बसला होता. इस्पितळातल्या गोळ्यांनी ती माणसं गप्प झाली. लोटू पुन्हा कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागला. पण भूक अशी सुटली की भाकरीचं टोपलं पुरेना. मंगलाने त्याच्या सदऱ्यांच्या शिवणी उसवून उसवून कापड संपवलं. मग इस्पितळात लघवी तपासली, तर थोडी साखर निघाली. या गोळ्यांनी असं होतं, डॉक्टर म्हणाले. गोड बंद करा, चालायला लावा आणि घरच्या घरी तपासत राहा. घरी पहिल्याच दिवशी विटकरी, म्हणजे साखरच साखर! गेल्या खेपेला डॉक्टरांनी सांगून टाकलं, पुढच्या खेपेलाही हाच रंग असला तर या गोळ्या बंद. आणि ती खेप उद्याच होती.

बंद केल्यावर काय होतं ते मंगलाला ठाऊक होतं. रुळावरून त्याला ओढून आणताना तिच्याच बांगड्या फुटल्या होत्या.

आणि तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? गुळाचा डबा कुलपात, किल्ली कमरेला. रेशनची साखर ट्रंकेत, साड्यांच्या खाली. चंदनी पडव्याच्या सणाला शेजारच्या गुजराती बेनने प्रेमाने तुपातली गोड घारी आणून दिली, तर ती दारातूनच परत करून मंगलाने वर्षभराचा अबोला ओढवून घेतला. संध्याकाळी नवागामच्या रस्त्याने त्याला पुढे घालून चालवायची, तेव्हा चाळीतली पोरं हसायची.

"खरं सांगा, कुठे चहा पिता? धुडकूच्या टपरीवर?"

"नाही वहिनी."

"मग कारखान्यात कोणी पेढे वाटतं का?"

"नाही ना."

"मग ही साखर काय आभाळातून पडते?" तिचा आवाज चढला. "मी मेली इथे वासाने नाक दाबून दिवे पेटवते, आणि तुम्ही..."

लोटू सदऱ्याच्या ताणलेल्या गुंडीशी चाळा करत राहिला.

"वहिनी, पण मी बाटली कधी दिली?"

"म्हणजे?"

"मला कोणी मागितलीच नाही."

दिराकडे लघवीची बाटली मागणं बरं दिसत नाही, म्हणून ते काम पहिल्या दिवसापासून सासूकडे होतं. मंगलाने वळून पाहिलं. रंभाबाई चुलीपाशी तांब्याने घटाघट पाणी पीत होत्या.

"आत्याबाई, ही बाटली कोणाची?"

रंभाबाईंनी तांब्या खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं.

"मनी."

"तुमची? अहो, का?"

"मना पोऱ्याना आंगनं काही मी इस्तोवर ठेवू देवाव नई." म्हातारी एकदम ताठ झाली. "याना आगोदर दोन पोऱ्या गयात मना. याले उकिरडावर लोटीसन परत उचला, तव्हय जगना हाऊ. आते तू सांगस म्हनीसन त्याले इस्तोवर जाळू?"

लेकराच्या अंगातलं काही विस्तवावर ठेवलं की लेकरूच जळतं, ही म्हातारीची भीती. इतके महिने! कोरडी भाकरी, बिनसाखरेचा चहा, रोजची भांडणं, सगळं या बाईच्या बाटलीपायी. ती हसली असती, पण रडूच येत होतं.

तिने दुसरी बाटली धुतली आणि मुकाट्याने लोटूच्या हातात दिली. लाज वाटली ती वाटली.

तो परत आला तेव्हा रंभाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवी नळी दिव्यावर खदखदली. मंगला वाट पाहत राहिली. औषध जेमतेम हिरवट झालं आणि तसंच राहिलं.

"गोळ्या राहतील, लोटूभाऊ," ती म्हणाली. "चालणं सुटणार नाही, पण गोळ्या राहतील."

लोटू हसला. रंभाबाईंनी वळून मुलाकडे पाहिलं, त्याचं कपाळ चाचपलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हात वर गेला तशा हल्ली सैल झालेल्या बांगड्या सुळकन कोपरापर्यंत घसरल्या. मंगलाची नजर त्या बांगड्यांवरून पहिल्या नळीकडे गेली. तिथला विटकरी गाळ आता तळाशी बसला होता.

तिने चहा टाकला. लोटूचा बिनसाखरेचा कप त्याला दिला आणि तसाच दुसरा सासूपुढे ठेवला.

रंभाबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर टाकाले इसरी गई का तू?"

"नाही आत्याबाई." मंगलाने कमरेची किल्ली चाचपली. "उद्या इस्पितळात तुम्हालाही यायचंय."

"माले? माले काय व्हयनं?"

असं म्हणत त्यांनी कप बाजूला सारला आणि पुन्हा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.