बिनआवाजाची हवा

दुकानदाराने बटण दाबलं आणि काउंटरवरचा पाण्याचा पेला थरथरत कडेपर्यंत चालत गेला. वहिनीने तो पडायच्या आत धरला आणि बाजूला ठेवला.

"हा नको."

"अहो ताई, आवाज म्हणजे ताकद!" दुकानदार ओरडून म्हणाला, कारण यंत्र अजून चालूच होतं. "मुका कुत्रा राखण करतो का?"

"राखण नकोय. टायर फुगवायचेत."

दुकानदाराने बटण बंद केलं. मग कपाटातून बुटाच्या खोक्याएवढा एक लाल पंप काढला आणि चालवून दाखवला. तो मांजरासारखा गुरगुरला. वहिनीचा चेहरा उजळला. तिच्या दिराने, धाकट्याने, पंप उलटा करून खालचं लिहिलेलं वाचलं आणि परत ठेवला.

"हा मोटारींचा आहे, वहिनी. ट्रकच्या टायरला लावला तर टायर फुगायच्या आधी हाच फुगेल."

"ट्रक आहे होय?" दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग पंप कशाला घेताय? ट्रकला घरची हवा असते की. इंजिन चालू करा, ब्रेकच्या टाकीला नळी लावा आणि भरा पोटभर. विहीर दारात असताना पाणी विकत घेतंय का कुणी?"

"इंजिन चालू करायचं नाही," वहिनी म्हणाली.

"बिघडलंय?"

"नाही."

"मग?"

"धूर होतो," धाकटा म्हणाला.

ट्रकचा धूर होतो म्हणून ट्रक चालू न करणारी माणसं दुकानदाराने आयुष्यात प्रथमच पाहिली असावीत. पण गिऱ्हाईक देव असतं आणि देवाला प्रश्न विचारायचे नसतात. त्याने मागच्या खोलीतून टाकी असलेला, चाकांवर ढकलायचा एक पंप आणला. घरच्या विजेवर चालणारा, ट्रकला पुरेल एवढ्या दाबाचा, आणि आवाज शिवणयंत्राइतका. नळीसुद्धा ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत पोचेल एवढी लांब. वहिनीने डोळे मिटून आवाज ऐकला.

"मधे भिंत असली तर?"

"भिंत असली तर तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल की हा चालू आहे."

पंप घेतला.

धूर होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण इंजिनच नव्हतं. दादाला झटका आला त्या महिन्यात इंजिन दवाखान्यात गेलं, म्हणजे दवाखान्याच्या बिलात गेलं, आणि परत आलं नाही. दादा परत आला. अर्धा. डावा हात आणि डावा पाय त्याने जणू तिकडेच ठेवले होते. त्याची खाट खिडकीशी लावली आणि खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत ट्रेलर जोडलेला ट्रक, रंगरंगोटीसकट, पोटात काही नसताना उभा राहिला.

"बरा झालास की पहिला स्टार्टर तूच मारायचा," असं दोघांनी ठरवून त्याला सांगितलं होतं. त्यावर दादा हसला होता. तेव्हापासून इंजिन चालू करून दाखवा, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. दीर-भावजयीला हे आपल्या हुशारीचं फळ वाटत होतं.

टायर मात्र सकाळी ऐकायचे, हा दादाचा आयुष्यभराचा नेम. धाकटा दांडका घेऊन एकेका चाकावर ठोका द्यायचा आणि दादा खाटेवरून निकाल सांगायचा. "कडक." "कडक." "मागचा डावा, आतला बसलाय." तो कधी चुकत नसे. इतके दिवस ओळखीचा एक टँकरवाला दुपारी दादाचा डोळा लागला की येऊन आपल्या गाडीतून हवा देऊन जायचा. आता त्याला लांबचं काम लागलं होतं, आणि उभ्या गाडीचे टायर तर कुणाची वाट न बघता बसतात.

दुपारी गोळ्या घेऊन दादा झोपला. वहिनीने स्वयंपाकघरातून तार सोडली आणि प्लग निसटतो म्हणून तो हाताने दाबून तिथेच बसली. धाकट्याने ट्रेलरपासून सुरुवात केली. पंप खरोखरच गुणी होता. मागची चाकं भरली, मधली भरली. पुढच्या चाकाला नळी लावून तो उकिडवा बसला, तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"टाकीचा घेतलास ते बरं केलंस."

धाकट्याच्या हातातून नळी सुटली. पाठीमागे खाटेवर दादा उशीला टेकून बसला होता.

"दादा, ते बॅटरी उतरलीये ना, म्हणून म्हटलं—"

"पुढे नको भरूस. उलट थोडी सोड."

"सोडू?"

"नाक वर आलंय गाडीचं. इंजिन काढलं की पुढचे स्प्रिंगचे पाटे उचलतात." दादाने उजव्या हाताने ते किती उचलतात हे हवेत दाखवलं, एखाद्या शिकाऊ माणसाला दाखवावं तसं. "घरी आणलंत ना मला, त्या दिवशीच बघितलं."

पंप आपला शिवण घालत होता.

"हवा सोडून फार फरक पडायचा नाही," दादा म्हणाला. "पण जरा बसेल. तुझी वहिनी रोज दोरीवर कपडे घालायला समोरच येते. एखाद दिवशी लक्षात येईल तिच्या."

"वहिनीच्या?"

"तिला वाटतंय मी गाडी चालवीन. रोज पाय दाबते, दिवस मोजत बसते. इंजिन विकलंय हे कळलं तर हातपाय गाळेल ती." डावा पाय उजव्या हाताने सरळ करत तो म्हणाला, "आणि घरात धड हातपाय तिचेच आहेत."

धाकट्याने पंप बंद केला आणि वॉल्वची पिन दाबली. हवा फुसफुसत बाहेर आली. ती गरम होती आणि तिला रबराचा वास होता. एव्हाना काम आटोपलं असेल म्हणून प्लग काढून वहिनी पदराला हात पुसत कोपऱ्यावर आली.

"जागे झाले का हो हे?" तिने हळूच विचारलं.

धाकट्याने खिडकीकडे पाहिलं. दादा आडवा झाला होता, डोळे मिटलेले.

"नाही."

"चला, सुटलो." ती पुढच्या चाकाकडे बघत राहिली. "भाऊजी, हे खाली नाही वाटत?"

"तिथे जमीनच उतरती आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दांडका घेऊन निघाला. मागची चाकं टणटणीत वाजली, मधलीही. पुढच्या चाकाशी तो जरा घुटमळला, मग ठोका दिला. ओल्या उशीवर मारल्यासारखा आवाज आला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"कडक!" दादा ओरडला, पार चुलीपर्यंत ऐकू जाईल असा. "पुढचं घे."