हळदीचा डाग

वैजयंतीच्या घरातून डबा कधी बाहेर जात नसे. आइस्क्रीम संपलं की त्या डब्यात कढीपत्ता जाई, कढीपत्ता संपला की बटणं. बेसिंगस्टोकच्या त्या दोन खोल्यांच्या घरात माणसांपेक्षा डब्यांना जास्त जागा आहे असं अजय, तिचा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. त्या ढिगात निळ्या, घट्ट झाकणाचे दोन एकसारखे प्लास्टिकचे डबे होते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आल्या तेव्हा एकातून घरी दळलेली हळद आणि दुसऱ्यातून औषधं घेऊन आल्या होत्या. इंग्लंडचे डॉक्टर पॅरासिटामॉलपलीकडे काही देत नाहीत, याची त्यांना खात्री होती. पुढे हळद संपली, औषधं जुनी झाली, आणि दोन्ही डबे धुऊन कपाटात गेले. कुठल्यात काय होतं हे लक्षात ठेवायचं कुणालाच काही कारण नव्हतं.

२००६च्या जानेवारीत त्यातला एक डबा वैजयंतीने लॅबमध्ये नेला.

ती तिथे टेक्निशियन होती, आठवड्यातून तीन दिवस. नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला पहिली आलेली मुलगी. पीएच.डी.ला नाव नोंदवून सहा महिने होतात न होतात तोच लग्न ठरलं. तिकडे जाऊन पूर्ण कर की, असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्याचं काय जातं! तिकडे आधी सिया झाली, मग सियाची शाळा, मग सियाची पोहण्याची शिकवणी, आणि बारा वर्षं कुठे गेली ते कळलंही नाही. छत्तिसाव्या वर्षी ट्रेनने पाऊण तासावरच्या एका विद्यापीठात ही नोकरी मिळाली. प्रयोगांच्या नळ्या-बशा, सगळ्या काचा धुवायच्या, रसायनं मागवायची, पोरांनी बिघडवलेली यंत्रं ताळ्यावर आणायची. ती पोरं पंचविशीत डॉक्टर होऊन जात आणि जाताना तिला चॉकलेटचा बॉक्स देत. चॉकलेट ती ट्रेनमध्ये खाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काचा धुवायला उभी राही.

लॅबचं काम होतं प्लास्टिकमधून वीज वाहती करण्याचं. सियाला तिने ते एकदा सोप्या भाषेत सांगितलं होतं. आपलं प्लास्टिक म्हणजे दूध समज. त्यात दुसऱ्या एका रसायनाचा कणभर अंश मिसळायचा, विरजणासारखा, की अख्ख्या दुधाचा स्वभाव पालटतो. याला म्हणायचं डोपिंग. नऊ वर्षांच्या सियाने विचारलं होतं, "मग तू ऑफिसमध्ये दही करते?"

डिसेंबरात लॅबमधला एक विद्यार्थी काम अर्धवट टाकून बँकेत नोकरीला गेला. रसायनशास्त्रवाल्यांनी खास त्याच्यासाठी बनवलेली विरजणाची नवी पूड तशीच पडून राहिली. प्राध्यापक टॅलबॉटनी सहज विचारलं, तुम्ही बघता का करून? वैजयंतीला तेवढंच हवं होतं. काचेच्या छोट्या तुकड्यांवर ती प्लास्टिकचे पातळ थर चढवायची, पहिल्या आठवड्यात साधे, मग पूड मिसळलेले. मोजायचं यंत्र मात्र रस्त्यापलीकडच्या इमारतीत होतं आणि बाहेर बारा महिने झिमझिम. लॅबच्या काचेच्या बशांना झाकणं नव्हती. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर घरचा डबा आला. आतल्या बाजूला तळाशी एक फिकट पिवळा डाग होता. मराठी घरातल्या प्लास्टिकच्या डब्याला पिवळा डाग नसेल तर तो डबा कसला! हळद आहे, जायची नाही, असं म्हणून तिने तो दोनदा घासला आणि सोडून दिला.

डब्यात रात्रभर ठेवलेल्या तुकड्यांनी कमाल केली. साध्या थरापेक्षा शंभरपट वीज वाहू लागली. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टॅलबॉट स्वतः येऊन यंत्राशी उभे राहिले. मग त्यांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, की ऑक्टोबरपासून साडेतीन वर्षांची एक पीएच.डी.ची जागा आहे, शिष्यवृत्तीसकट, आणि तिने अर्ज करावा. मार्चमधल्या एका गुरुवारी निवड समितीपुढे हेच काम मांडायचं. त्या संध्याकाळी वैजयंती ट्रेनमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. आनंदाने रडली, हे सांगायला हवं, कारण पुढे रडण्याचे प्रसंग आले ते वेगळे.

समितीच्या आठवड्यात सोमवारी ती आलेख नीटनेटका करायला बसली. साध्या थराचा आकडा तिने पहिल्याच आठवड्यात, डबा यायच्या आधी, एकदा मोजला होता आणि तोच सगळीकडे वापरला होता. एकच ठिपका बरा दिसत नाही म्हणून तिने साधे, पूड न घातलेले चार नवे तुकडे केले आणि डब्यात ठेवले. मंगळवारी सकाळी मोजले, तर चौघांतूनही शंभरपट वीज वाहत होती.

विरजण न घालता दही लागलं होतं.

यंत्र तपासलं, तारा बदलल्या, आकडा हलेना. मग तिने डबा हातात घेतला आणि तो डाग पहिल्यांदाच नीट पाहिला. दुपारच्या जेवणाचा भात तिच्या पिशवीत होता. भाताची चार शितं पाण्याचा थेंब घालून तिने डागावर दाबली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांत शितं निळी पडली. हळदीने भात निळा होत नाही. भात निळा करतं ते आयोडीन, हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. सासूबाईंच्या औषधांत टिंक्चर आयोडीनची एक बाटली होती, विमानात ती सांडली होती, आणि त्यावरून त्या आठवडाभर विमान कंपनीला बोल लावत होत्या, हे सगळं तिला आत्ता आठवलं. प्लास्टिकात मुरलेलं आयोडीन वाफ होऊन तिच्या थरांत शिरत होतं. नव्या पुडीने काहीच केलं नव्हतं.

संध्याकाळी तिने अजयला सगळं सांगितलं. त्याने गॅस बंद केला आणि शांतपणे ऐकून घेतलं. बारा वर्षं ती काय गिळून बसली आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच तो बोलला.

"गुरुवारी काही बोलू नकोस. आधी सीट मिळू दे. मग ऑक्टोबरमध्ये म्हण, की आता सापडलं. रिसर्चमध्ये असं होतंच ना? तू खोटं कुठे बोलतेस, फक्त थोडं थांबतेस."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? डबा तर तुझा आहे."

बुधवारी ती कामावर गेली. टॅलबॉट दोनदा समोरून गेले, दोनदा हसले, एकदा उद्यासाठी शुभेच्छाही देऊन गेले. तिने तोंड उघडलं नाही. त्यांच्या खोलीचं दार लोटून आत जायला आठ पावलं लागली असती, आणि ती आठ पावलं तिच्याने टाकवली नाहीत. साध्या तुकड्यांचे नवे आकडे वहीत होते, पण आलेखात तिने जुनाच ठिपका राहू दिला.

गुरुवारी समितीत चौघं होते. वैजयंती वीस मिनिटं बोलली आणि चांगली बोलली. टॅलबॉट बाजूला बसून मान डोलवत होते. शेवटी टोकाला बसलेल्या पिकलेल्या केसांच्या बाईंनी चष्मा काढून साधाच प्रश्न केला. पूड न घातलेला थर तुम्ही याच डब्यात, इतकाच वेळ ठेवून पाहिलात का?

नाही म्हणता आलं असतं. करीन म्हणता आलं असतं. अजयने दिलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. पण आकड्यांच्या बाबतीत वैजयंतीला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नव्हतं, आणि ते यायचा तो दिवसही नव्हता.

"हो," ती म्हणाली. "पाहिला. त्यातूनही तेवढीच वीज वाहते. डब्याला आयोडीन लागलेलं आहे."

टॅलबॉटची मान डोलायची थांबली. बाईंनी विचारलं, हे कधी कळलं? मंगळवारी, असं तिने सांगितलं. चौघांनी आपापल्या कागदांकडे पाहिलं. मग अध्यक्षांनी इतक्या सौजन्याने तिचे आभार मानले, की दार उघडून बाहेर येईपर्यंत आपलं काय झालं ते तिला कळलं नाही.

जागा लीड्सहून आलेल्या डॅनियल नावाच्या मुलाला मिळाली. सोमवारी टॅलबॉटनी तिला बोलावलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतः चहा करून दिला, भाताचा प्रयोग नीट समजून घेतला, आणि एवढी साधी, एवढी नेमकी चाचणी आपल्याला सुचली नसती, असं खरोखर कौतुकाने म्हणाले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"मंगळवारी येऊन हे सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी एवढ्यावरच तुम्हाला जागा दिली असती. आता समितीपुढे मी कुठल्या तोंडाने मागू?"

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असंही ते म्हणाले. ते म्हणायची रीत असते म्हणून म्हणाले, हे दोघांनाही समजलं. पुढच्या वर्षी पैसे दुसऱ्या विषयाला गेले. अर्ज निघाला असता तरी तिने भरला नसता. माणूस एका गोष्टीची आशा किती वेळा धरणार?

त्या संध्याकाळी घरी सिया दारातच उभी होती. "आई, तुझी सीट मिळाली?" तिने विचारलं. नाही मिळाली गं, असं सांगून वैजयंतीने तिचं दप्तर उचललं. अजय स्वयंपाकघरातून बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. टॅलबॉट काय म्हणाले, असं त्याने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाला, "माझं ऐकलं असतंस तर..."

तुझं ऐकून गप्प बसले तिथेच जागा गेली, हे तिच्या तोंडाशी आलं होतं. एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्याने जे सांगितलं ते तिच्यासाठीच सांगितलं होतं, आणि ऐकायचं ठरवलं होतं ते तिने स्वतः. तो अजूनही तिच्या बाजूने त्या चौघांवर चिडलेला होता. तेवढं तरी राहू द्यावं, असं तिला वाटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा दिला."

ऑक्टोबरात डॅनियल आला. चांगला मुलगा होता. तुकडे न्यायला काही आहे का, असं त्याने पहिल्याच दिवशी तिला विचारलं. तिने त्याला नव्याने मागवलेली काचेची झाकणवाली बशी दिली आणि साधा थर नेहमी बरोबरच ठेवायचा, असं सांगितलं. त्याने ते लगेच वहीत लिहून घेतलं. मग ती काचा धुवायला गेली.