१०२ ते १०३, मार्गे मोताळा

१०२ → १०३. २६ मिनिटे.
१०२ → १०३. ३१ मिनिटे.
१०३ → १०२. १८ मिनिटे.
१०२ → १०१. नोंद नाही.

एवढ्यावरून दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. इंद्रभानला सगळं कळलं.

१०१ म्हणजे मोताळ्याचं घर, म्हणजे तो स्वतः. १०२ म्हणजे मुलगा शंतनु, आखातात. १०३ म्हणजे मुलगी रेवती, पुण्यात. आणि रेवतीच्याच घरी इंद्रभानची बायको प्रतिमाबाई. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती. नातू आता बालवाडीत जातो.

शंतनु राहतो तिकडे इंटरनेटवरचे फोन अडवतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी सुटीवर आला, तेव्हा त्याने जुना कॉम्प्युटर देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवला. त्याचा सर्व्हर केला आणि आखातापासून त्या कोनाड्यापर्यंत व्हीपीएन जोडलं.

"बोगदा समजा, बाबा. मी तिकडून आत शिरतो, आपल्या घरात निघतो, आणि घरातून रेवतीला फोन लावतो. बाहेरच्याला काही दिसत नाही."

"म्हंजे तू रोज घरी येतं?"

"तसंच समजा."

इंद्रभानने तसंच समजून घेतलं. एकतीस वर्षं त्याने टेलिफोन एक्सचेंजात काढली होती. आधी बोर्डावर, कॉल जोडायच्या दोऱ्या खोचत. मग स्वयंचलित यंत्रं आली, दोऱ्या गेल्या आणि त्याला तक्रारवहीच्या टेबलावर बसवलं. आता सदुसष्टाव्या वर्षी घरातच एक्सचेंज आलं. हरवलेली गाय आपल्या पायांनी दावणीला यावी तसं झालं. कोनाडा तो रोज पुसायचा. लाइट गेली की बॅटरी सांभाळायचा. रेवती म्हणायची, पुण्याला या. तो म्हणायचा, एक्सचेंज कोन पाहीन?

स्वतः मात्र कुणाला फोन लावायचा नाही. बोर्डावर बसलेला माणूस आपलाच कॉल खोचत नाही, अशी त्याची शिस्त. कुणी मागितलं की जोडून द्यायचं, नाही मागितलं तर बसायचं.

तो बसला होता. बारा दिवस झाले.

*

बारा दिवसांपूर्वी गुलाबराव आला होता. इंद्रभानचं पाच एकर शेत नऊ वर्षं हाच माणूस बटाईने करत होता. पायरीवर बसला आणि खिशातून कपाशीचं एक हिरवं बोंड काढलं. वरून कसं टवटवीत होतं. नखाने उकललं तर आत सरकी कुरतडलेली, रुई पिवळी पडलेली, आणि मधे गुलाबी अळी आरामात पसरलेली.

"बीटी म्हनत होते," गुलाबराव म्हणाला. "बोंडअळी इसरून जा म्हनत होते. माहं नाव गुलाबराव अन् हे बी गुलाबी. घरचीच समजली अन् राह्यली."

"समदीच?"

"दहा तोडा, आठात हाये. मी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवून राह्यलो, बाबू. अन् पुढच्या साली दुसरा मानूस पाहा."

"काऊन बे? नऊ सालं झाले."

"म्हनूनच. नऊ सालं कमी झाले काय?"

चहा घेऊन तो गेला. बोंड पायरीवरच राहिलं. त्याच रात्री रेवतीचा फोन आला तेव्हा इंद्रभानने हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाबा, बघू." त्यानंतर १०२ आणि १०३ एकमेकांशी बोलू लागले.

शेत विकायचं, ते गेलं की घर, आणि घराबरोबर म्हातारा: एवढं उमगायला त्याला ऐकायची गरज नव्हती. विकू नका म्हणून तो अडून बसला होता असंही नाही. आपल्याला कुणी विचारतं की नाही, एवढ्याच एका गोष्टीवर त्याचा जीव टांगला होता.

*

आज रविवार, दुपारचे चार.

१०२ → १०३. चालू.

एकतीस वर्षांत त्याने लोकांची मरणं जोडून दिली, बारशी जोडून दिली, भांडणं जोडून दिली. कान कधी लावला नाही. शंतनुने घाईघाईत कॉम्प्युटरवर नाही नाही ते टाकून ठेवलं होतं. चालू बोलण्यात शिरायचा आकडाही त्यात होता. इंद्रभानला तो पहिल्या दिवसापासून पाठ होता.

आज त्याने तो दाबला.

"...स्पीकरवर आहे, आई पण इथेच आहे." ही रेवती.

"शेताला गिऱ्हाईक मिळेल. घराचं बाबांना कसं सांगायचं?" हा शंतनु. दोघं किती स्वच्छ बोलत होती. पुण्याच्या पाण्याने घासून काढलेलं मराठी.

"ते म्हणणार, एक्सचेंज कोण बघणार."

शंतनु हसला. वाईट हसला नाही. "अगं, तो सर्व्हर मी कधीही भाड्याच्या मशिनवर हलवू शकतो. अर्ध्या तासाचं काम आहे. बाबांना बरं वाटतं म्हणून ठेवलाय तिथे."

इंद्रभानने कोनाड्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या लुकलुकण्यातूनच ते शब्द येत होते.

"आई, तूच सांग ना बाबांना."

आई काही बोलली नाही.

तिचं ते न बोलणं त्याला सहन होईना. तोंड उघडलं, आणि त्यातून बापाचा आवाज आलाच नाही. आला तो बोर्डावरचा, वऱ्हाडी पार धुऊन काढलेला, रोज संध्याकाळी एक्सचेंजातच ठेवून यायचा तो आवाज.

"तीन मिनिटं झाली. एक्स्टेंड करू का?"

ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटर असंच मधे शिरायचा. पुढची तीन मिनिटं हवीत की तोडू, हे विचारायचा. पोरांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.



"हे काय होतं?" रेवती म्हणाली.

"सिस्टीमचा मेसेज असेल. काहीतरी डिफॉल्ट राहिलं असणार."

"मराठीत?"

"मीच कधीतरी टाकलं असेल. काढतो."

आणि मग लांबून, स्पीकरपासून दूर बसलेल्या माणसाचा आवाज आला.

"करा एक्स्टेंड."

"आई, कोणाला सांगतेस? रेकॉर्ड आहे ती."

लग्न ठरलं तेव्हा इंद्रभानची बदली संग्रामपूरला होती. प्रतिमा तिथे मामाकडे राहायची. मामाच्या दुकानातून ती जळगावच्या मावशीला ट्रंक कॉल लावायची आणि मावशीशी तीन मिनिटं हवापाण्याचं बोलायची, निव्वळ मधे हा आवाज यावा म्हणून. आणि तो आला की म्हणायची, करा एक्स्टेंड.

एक्स्टेंड केलं की ऑपरेटरने बाहेर पडायचं असतं.

तो बाहेर पडला.

*

१०२ → १०३. ४७ मिनिटे.

त्या सत्तेचाळीस मिनिटांत प्रतिमाबाई बोलली का, काय बोलली, हे त्याला कळलं नाही. तो फक्त आकडा वाढताना पाहत बसला.

*

१०२ → १०१.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा इंद्रभानच्या हातात कणीक होती. कणकीच्या हातानेच त्याने उचलला.

"बाबा, सर्व्हरला काही हात लावला होता का? एक मेसेज येतो मधेच."

"नाई."

"बरं. मी बघतो." मग, "ते शेताचं, बाबा. घराचं पण. आई म्हणाली, तुम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. तर तुम्हाला काय वाटतं?"

विचारलं. तेरा दिवसांनी का होईना, विचारलं. आणि इंद्रभानच्या ध्यानात आलं, की आपण विचारण्याचीच वाट पाहत होतो. उत्तराचा विचार केलाच नव्हता.

"आई कधी येते म्हनते?"

"इकडे? ते... ते काही बोलली नाही ती."

"हं."

"बाबा?"

"हाये. लाइनवर हाये." बोटांवरची कणीक वाळत चालली होती. "शेत ईक. गुलाबरावले आधी सांगजो, तिसऱ्याकडून कळू नोको देऊ. घर राहू दे."

"आणि तुम्ही?"

"घर म्हनलं त्यात मी आलो."

"बरं. चालेल, बाबा. खरंच चालेल."

"अन् तुही मशीन हलव."

"नको ना. तुम्हाला ती..."

"अर्ध्या घंट्याचं काम हाये," इंद्रभान म्हणाला.

पलीकडे बराच वेळ काही आलं नाही. पोराच्या लक्षात आलं असावं. किंवा नसावं. बोगद्यातून कधीकधी आवाज उशिरा पोचतो.

*

बुधवारी मशीन हलली. म्हणजे कोनाड्यात ती होती तिथेच राहिली, फक्त हिरवा दिवा गेला आणि पडद्यावर नोंदी यायच्या थांबल्या. फोन चालू होता. १०१, १०२, १०३ सगळे शाबूत होते, कुठल्या तरी भाड्याच्या यंत्रात, कुठल्या तरी गावात. कोण कोणाशी बोलतंय, किती बोलतंय, हे आता दिसत नव्हतं. मोताळ्यातला एक साधा ग्राहक, एवढीच आता त्याची ओळख.

त्याने दुपारी भांडी घासली. हात पुसले. खुर्ची ओढून फोनपाशी बसला आणि एकशे तीन लावला. जन्मात पहिल्यांदा स्वतःचा कॉल.

रेवतीने उचलला. "बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरा हाये. तुह्या मायले दे."

"आई गच्चीवर गेलीय, कपडे काढायला. काही काम होतं का?"

"काम नाई."

"मग नंतर लावते ती."

"नोको," इंद्रभान म्हणाला. "मी थांबतो."

तिकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. जिन्यावर रेवतीने हाक मारली, आई, बाबांचा फोन. मग दार. मग नुसती खोली ऐकू येऊ लागली: पंखा, आणि कुणाशी तरी बोलत एकटाच खेळणारा नातू.