ओबांची पाटी

“पुसू नका ओबा, अजून पाठ झालेलं नाही.”

मित्रांनो, दीडशे वर्षं झाली, तरी गुरुजींचा तो आवाज माझ्या लाकडात मुरलेला आहे. मी कुराण शिकायची जुनी लाकडी पाटी. नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या एका गावात मला तासलं. ओबा म्हणजे तिथला राजा. केस पिकलेले, तरी तो गुरुजींसमोर चटईवर बसून काजळीच्या शाईने अक्षरं गिरवायचा. ओळी पाठ झाल्या की मगच मला धुवायचं, हा नियम. राजालाही सूट नव्हती.

दरबारात कुजबुज झाली, “म्हातारपणी पोरांची पाटी! आता आपले सण बुडणार.”

ओबा म्हणाला, “सण गावाचे, मीही गावाचा. नमाज मात्र माझा.”

मग वाड्याशेजारी मशीद उभी राहिली. राजामागून गावची मुलं आली. माझ्यावर ओळ चढे, ओळ उतरे, पुन्हा नवी चढे.

गुरुजींच्या घराण्यातून उतरत उतरत मी कुदिरतकडे आले. ती आयर्लंडमधल्या लेटरकेनीला डॉक्टर आहे. तिच्या वडिलांनी शेवटच्या आजारात नातीसाठी, सिंबीसाठी, माझ्यावर सहा ओळी लिहिल्या. त्या सिंबी शनिवारी सगळ्यांपुढे म्हणणार होती.

शेजारच्या उल्काताई नागपूरच्या डॉक्टर. शाळा सुटली की सिंबी त्यांच्याकडे थांबते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती मला तिथेच विसरली. दसऱ्याला पाटी लख्ख हवी, ही उल्काताईंची लहानपणापासूनची सवय. त्यांनी मायेने मला साबणाने घासलं. आजोबांचं अक्षर नळाखाली वाहून गेलं.

उल्काताई असं करतील, हे कुदिरतच्या मनातही आलं नाही. तिने सिंबीलाच धरलं. “ओळी पुस्तकात मिळतील. माझ्या बाबांचं अक्षर कुठून आणू? खरं सांगेपर्यंत शनिवार विसर.”

“मी नाही पुसलं, मॅमी.”

सिंबी एवढंच म्हणाली आणि रोज मला मांडीवर घेऊन बसू लागली. आजोबांचा अलिफ, अरबीतलं ते पहिलं उभं अक्षर, जरा डावीकडे झुकायचा. तसा जमेपर्यंत ती लिहायची, धुवायची, पुन्हा लिहायची. मला ओबा आठवायचा.

“कसं चाललंय गं?” उल्काताई विचारायच्या.

“ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत ‘छान’, असं सिंबी मान वर न करता म्हणायची. सिंबीवर आळ आलाय हे कळल्यापासून उल्काताईंचे ओठ हलायचे आणि मग त्या चहाच ठेवायच्या.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करण्याआधी एकदा विचारा. आणि चुकून पुसलंच काही, तर त्याचा डाग दुसऱ्याच्या अंगावर वाळू देऊ नका.

शुक्रवारी कुदिरत लेकीला न्यायला आली. उल्काताईंनी मला सिंबीच्या मांडीवरून उचललं आणि दोन्ही हातांनी कुदिरतपुढे धरलं.

“पोरीला बोलू नकोस, कुदिरत. पाटी मी धुतली.”