सात दांड्यांची यारी

मित्रांनो, मी एक म्हातारी यारी आहे. हल्ली तुम्ही जिला क्रेन म्हणता, ती. वाफेवर चालणारी, लांब मानेची, लोखंडी. फिजीतल्या नावातुलोआच्या धक्क्यावर मी किती वर्षं उभी आहे, ते मोजणारे सगळे आता मोजणं सोडून गेले. मला इथून हलवायला पुष्कळ जण आले आणि हात हलवत परत गेले. ते कसं घडलं, तेच सांगणार आहे. मी जरा वाढवून सांगते अशी माझी ख्याती आहे. पण जिनं जन्मभर ओझी वर चढवली, तिनं गोष्टही थोडी चढवून सांगितली तर बिघडलं कुठं?

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका गावात झाला. तिथल्या कारखान्याला अकरा महिने कुलूप होतं. अल्बर्ट क्लेग नावाचा कारागीर रोज सकाळी सवयीनं फाटकाशी यायचा, कुलूप एकदा हलवून बघायचा आणि घरी जायचा. मग लंडनच्या सरकारनं एक कायदा केला. वसाहतींना विकासासाठी पैसा द्यायचा. त्यातून धक्के, पूल, रस्ते बांधायचे. मात्र त्यासाठी लागणारं यंत्र मायदेशातच घ्यायचं, त्याचा स्क्रूसुद्धा दुसरीकडून आणायचा नाही. म्हणजे व्यापार वाढेल आणि रिकाम्या हातांना काम मिळेल. त्या पैशातून निघालेली ऑर्डर म्हणजे मी.

कुलूप निघालं. चाळीस माणसांच्या घरी पाच महिने चूल पेटली ती माझ्यामुळे, आणि याची मला कधीही लाज वाटलेली नाही. शेवटचा रिव्हेट अल्बर्टनं ठोकला. माझ्या लोखंडावर हात ठेवून तो म्हणाला, "जा बाई, आणि तिकडे लवकर मोडत जा. म्हणजे आम्हाला काम राहील." मला गोदीकडे नेताना माझ्या वजनानं रस्ता एका अंगाला कलला. त्या रस्त्यावरची घरं आजही तिरपी आहेत. प्रवासात एका देवमाशानं आठ दिवस माझ्या पेटाऱ्याशी पाठ खाजवली. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा.

नावातुलोआला पोचले, तेव्हा पहिलीच फजिती झाली. यारी जहाजावरून उतरवायला यारी लागते, आणि ती तर तुकड्यातुकड्यांनी पेटाऱ्यांत पडलेली! शेवटी धक्क्यावरच्या चौदा हमालांनीच मला खांद्यावर घेतलं. खोबऱ्याची पोती वाहताना म्हणायचं गाणं म्हणत, गुडघाभर पाण्यातून, एकेक तुकडा करून. माझ्या मानेखाली जो खांदा होता तो त्यांच्या मुकादमाचा, इलाइतियाचा. त्याच्या घामाचा वास मला अजून आठवतो.

तिथला सरकारी अंमलदार म्हणजे हॅलम साहेब. माणूस वाईट नव्हता. लोकांना आपण आवडावं अशी त्याची फार धडपड असे. त्यानं माझ्या पोटावर 'व्यापार आणि रोजगार वाढीसाठी' अशी पितळी पाटी ठोकली आणि भाषण केलं, "ही यारी चौदा माणसांचं काम एकटी करेल!"

गर्दीतून एक बाई पुढे आली. इलाइतियाची बायको लुसियाना. धक्क्याशेजारच्या नीरफणसाखाली ती टोळीचा स्वयंपाक करायची.

"मग चौदा माणसं काय करतील, साहेब?"

"त्यांना दुसरं काम मिळेल. सोन्याच्या खाणीत माणसं हवी आहेत."

"खाण तर दुसऱ्या बेटावर आहे."

"हो. पण कागदात स्पष्ट लिहिलं आहे, रोजगार वाढेल."

"कागद आमच्याकडचा आहे की तिकडचा?" लुसियानानं विचारलं. लोक हसले. साहेबही हसला, पण हुकूम काही बदलला नाही. यारी सलग एक महिना न थांबता चालली की हमालांची टोळी बंद. लुसियानाचा भाऊ तीन वर्षांपूर्वी खाणीत गेला होता. परत आली ती त्याची चटई. म्हणून महिन्याभरात टोळी खाणीत जाणार, हे ऐकल्यावर तिचं हसू तिथंच थांबलं, ते मी वरून पाहिलं.

मित्रांनो, खरं सांगते. मला अल्बर्टच्या हातांनी घडवलं ते कुणाच्या तरी हातांना काम मिळावं म्हणून. इथं येऊन मी दुसऱ्यांचे हात रिकामे करायचे? त्या चौदा जणांनी मला खांद्यावरून आणलं, त्यांना मी घराबाहेर काढायचं? मी त्याच दिवशी ठरवलं, महिना पुरा करणार नाही.

पण यारी एकटी काय करणार? मला साथ मिळाली ती सकियासीची. हा माझा चालक, कंदावू बेटावरचा. आणि कंदावूचे लोक नावातुलोआच्या लोकांचे ताउवू लागतात. दोन्हीकडच्यांचा मूळ देव एकच, म्हणून हे नातं. या नात्याला इथं मोठा मान आहे. ताउवूनं ताउवूला काहीही बोलावं, त्याच्या घरात शिरून आवडेल ती वस्तू उचलून न्यावी. ज्याची वस्तू गेली त्यानं रागवायचं नाही आणि ती परतही मागायची नाही. रागावला तो हरला, आणि सगळ्या गावात त्याचं हसं झालं.

त्यामुळे धक्क्यावर सकाळची सुरुवात अशी व्हायची:

"काय रे ए कंदावूच्या खेकड्या, आज सरळ चालतोयस? बरं नाही का?"

"तुला बघून वाट सोडावी लागते, इलाइतिया. तुमच्याकडे नारळ खाली पडतात आणि माणसं झाडावरच राहतात म्हणे!"

"अरे, तुझ्या आजोबाच्या डोक्यात आमचाच नारळ पडला होता. तेवढीच काय ती अक्कल तुमच्या घराण्यात आली."

मला वाफ सोडायला एक लोखंडी दांडा होता. हातभर लांब, टोकाला गोल मूठ. भलत्याच कुणी मला चालवू नये म्हणून चालकानं तो रोज संध्याकाळी काढून घरी न्यायचा, असा नियमच होता. अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी इलाइतिया सकियासीच्या घरी गेला. भिंतीला टेकलेला दांडा त्यानं उचलला आणि म्हणाला, "ताउवू, हा मला आवडला."

सकियासीनं त्याच्याकडे बघितलं, मग दांड्याकडे बघितलं. "ने," तो म्हणाला. "तुझ्यासारख्या माकडाला तेवढीच काठी."

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर नुसती उभी. हॅलम साहेब धावत आला.

"दांडा चोरीला गेला?"

"चोरी नाही साहेब. ताउवूनं नेला."

"मग परत आण!"

"परत मागत नसतात," सकियासी शांतपणे म्हणाला. "हवं तर मी त्याचा कोंबडा आणू शकतो."

आणि त्यानं खरंच आणला.

गावातला लोहार रामऔतार म्हणाला, "साहेब, असा दांडा मी दुपारपर्यंत ठोकून देतो." साहेबानं खेदानं मान हलवली. अनुदानाची अट! दांडा मायदेशातूनच यायला हवा. पत्र गेलं, सात महिन्यांनी दांडा आला. तो आला, मी अठ्ठावीस दिवस इमानानं काम केलं, आणि अठ्ठाविसाव्या संध्याकाळी इलाइतियाला दांडा पुन्हा आवडला. मधल्या सात महिन्यांत पोती वाहत होती ती चौदा माणसंच. सकियासी त्या महिन्यांत मला तेल घालायचा, पुसायचा आणि इलाइतियाच्या कोंबड्या खायचा.

तिसरा दांडा आला, त्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. सकियासीला इंग्रजी वाचता यायचं. त्यानं वाचलं: "पुन्हा?" अक्षर मी ओळखलं. माझ्या सगळ्या तुकड्यांवर त्याच अक्षरात आकडे घातलेले होते. अल्बर्ट!

चौथ्यावर लिहिलं होतं: "तिकडे दांडे खातात की काय?"

आणि पाचव्यावर: "तुमच्या दांड्यांमुळे आमची भट्टी चालू आहे. हरवत राहा."

सकियासीनं हे नीरफणसाखाली सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा टोळीतला कुणीच हसला नाही. लुसियाना बराच वेळ त्या खडूच्या अक्षरांवरून, पुसली जाणार नाहीत अशा बेतानं, बोट फिरवत होती. मग ती म्हणाली, "त्याला कळव." सहाव्या दांड्याच्या मागणीपत्राच्या पाठीवर सकियासीनं दोन शब्द लिहिले: "हरवतो आहोत."

बघा मित्रांनो, पाटीवर लिहिलं होतं तसं झालंच की! व्यापार वाढला आणि रोजगारही टिकला, दोन्हीकडे. फक्त पाटी लावणाऱ्यांना ते कसं झालं, याचा पत्ता नव्हता.

पण सातव्या वेळी हॅलम साहेब शहाणा झाला. वरून त्याला कडक पत्र आलं होतं. सातवा दांडा त्यानं सकियासीकडे दिलाच नाही. रोज संध्याकाळी तो स्वतः येऊन दांडा काढायचा, आपल्या बंगल्यात नेऊन भिंतीवर टांगायचा, सकाळी आणून लावायचा. साहेबाच्या घरातून कोण काय उचलणार? अठ्ठाविसावा दिवस गेला. एकोणतिसावा उजाडला. चौदा घरांत चटया गुंडाळायला सुरुवात झाली. टोळीला नेणारी होडी ठरली. त्या संध्याकाळी, साहेब दांडा घेऊन गेल्यावर, इलाइतिया माझ्या पायाशी येऊन बसला आणि प्रथमच त्यानं सकियासीला शिवी दिली नाही. सकियासीला ते सहन होईना.

"काहीतरी बोल रे, माकडा."

"काय बोलू? तिकडे खाणीत मला कोण शिव्या देणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हो, यारीलाही डोळे असतात. तुम्ही त्याला गंज म्हणता.

लुसियाना मात्र कालवण ढवळता ढवळता थांबली. "साहेब आला त्या वर्षीची यांगोनाची बैठक आठवते?" ती म्हणाली. "वाटी हातात घेऊन काय म्हणाला होता?"

सगळ्यांनाच आठवलं. यांगोना म्हणजे मुळी कुटून केलेलं इथलं मानाचं पेय, बैठकीत वाटीनं प्यायचं. हॅलम साहेब मूळचा एका लहानशा बेटावरचा. लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं, या हौसेनं त्या दिवशी तो सरदारांसमोर, सगळ्या गावासमोर म्हणाला होता, "मी बेटावरचा, तुम्हीही बेटावरचे. म्हणजे आपण ताउवूच झालो!" आणि वाटी एका घोटात संपवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. साहेबाला वाटलं, गंमत झाली. पण इथं यांगोनाची वाटी पिऊन बोललेला शब्द गमतीत जात नाही.

लुसियानानं हात पुसले आणि ती थेट बंगल्यावर गेली. मागून चौदा जण, सकियासी, रामऔतार आणि अर्धं गाव. साहेब व्हरांड्यात चहा घेत होता. ती त्याच्या शेजारून आत गेली, भिंतीवरचा दांडा काढला, खुंटीवरची त्याची टोपी घेतली, ती डोक्यावर चढवली आणि बाहेर आली.

"ताउवू," ती म्हणाली, "हे दोन्ही मला आवडलं."

साहेबाचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. तो ओरडायला उभा राहिला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. लुसियाना हलली नाही. दांडा तिनं बाळासारखा छातीशी धरला होता. "तुम्हीच म्हणालात ना, साहेब?" ती हळू म्हणाली. "की तेही नुसतं कागदावरचं होतं?"

 साहेब पायऱ्या उतरला. लोक बाजूला झाले. तो सरळ नीरफणसाखाली गेला, चुलीवरचं कालवणाचं अख्खं पातेलं उचललं आणि म्हणाला, "मग हे मला आवडलं."

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! हसण्याच्या आवाजानं समुद्रातली भरती दोन तास अडून राहिली. हे मात्र अगदी खरं आहे.

त्याच पातेल्याभोवती बसून ठरलं. दांडा लुसियानाच्या घरी राहील. बॉयलर, ओंडके, लोखंड अशी माणसाचा मणका मोडणारी ओझी आली की ती दांडा देईल आणि मी ती उचलेन. पोती माणसांच्या खांद्यावरच राहतील. होडी रिकामी परत गेली. साहेबानं वर कळवलं, "धक्क्यावर पूर्वी चौदा माणसं कामाला होती, यारीमुळे ती आता सोळा झाली आहेत." चालक आणि दांडा सांभाळणारी बाई धरून. लंडनला हे फार आवडलं म्हणतात.

आठवा दांडा कधी मागवावा लागला नाही. अल्बर्टचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. एवढीच एक गोष्ट मला टोचते.

आता माझा बॉयलर फुटका आहे आणि मानेवर समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत. मुलं माझ्यावरून पाण्यात उड्या मारतात. माझे सातही दांडे गावात आहेत. एक देवळाची घंटा वाजवतो, एकानं लुसियानाच्या पणतीच्या घराचं दार अडवतात, एकानं यांगोना कुटतात. मला तेलपाणी करा, रंग द्या, असं रडगाणं मी गाणार नाही. माझी निगा राखायची असेल तर एवढंच करा. तुमच्या दारात कुणी फुकट यंत्र आणून ठेवलं, तर आधी पाटी वाचा आणि विचारा, हा कागद कुणीकडचा? आणि ते यंत्र ज्यांनी घडवलं आणि ज्यांनी खांद्यावरून आणलं, त्या दोघांनाही विसरू नका.

मागच्या वर्षी भंगारवाला आला होता. लोखंड कापायची नळी, टाक्या, कागदपत्रं, सगळं घेऊन. लुसियानाची पणती मेरेसेइनी धक्क्यावर आली. तिनं कागद बघितलेच नाहीत. गोड हसून विचारलं, "तुमचं गाव कुठलं, दादा?"

"कंदावू," तो बिचारा म्हणाला.

त्याची नळी आता तिच्या घरात आहे. तिला ती फार आवडली.